मत वाडीचं नसतं

कोकणात मतांचा हिशोब वाडीगणिक चालतो. वरची वाडी आमची, खालची त्यांची, मधल्या वाडीतली चार घरं फुटलीत पण शिमग्यापर्यंत परत येतील, असं कार्यकर्ते एकमेकांना अगदी सहज सांगतात. देवळाच्या सभामंडपात बैठक होते, मानकरी बोलतात, बाकीचे ऐकतात. मग मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाला फोन जातो. मालवणीत निकाल एका वाक्यात कळवतात : ‘वाडीत ठरला ता ठरला.’

कायद्याला मात्र वाडी ठाऊकच नाही. राज्यघटनेच्या ३२६व्या कलमाने दिलेला मताधिकार प्रौढ नागरिकाला आहे. वाडीला, भावकीला किंवा मंडळाला नाही. मतदार यादीत घर क्रमांक असतो, पण मत घराचंही नसतं. ‘मतदारांचे हक्क’ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुधा ओळखपत्र कोणतं चालेल, रांग किती वाजेपर्यंत, अपंगांना रॅम्प आहे की नाही, इथवर येऊन थांबतं. शाळेतली मुलं प्रभातफेरी काढतात, अंगणवाडीसमोर रांगोळीत बोट आणि शाईचा ठिपका उमटतो. मतदान करा, एवढंच सारे सांगतात. मतदान कुणाच्या मनाने करायचं, याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे खरा प्रश्न तोच आहे, म्हणून हक्कांची चर्चा तिथूनच सुरू करायला हवी असं मला वाटतं.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं १२३वं कलम भ्रष्ट आचरणाबद्दल आहे. लाच, जातीधर्माच्या नावावर मतं मागणं वगैरे त्यात आहेच. पण त्याचा दुसरा भाग, गैरवाजवी दडपणाचा, कोकणी माणसाने एकदा नीट वाचावा. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणी मतदाराला सामाजिक बहिष्काराची, जातीतून किंवा समाजातून काढून टाकण्याची धमकी दिली, तर ते दडपण. ‘अमुक केलंस तर देवाचा कोप होईल’ अशी भीती घातली, तर तेही दडपण. हे गुन्हे म्हणूनही कायद्यात आहेत : पूर्वी भारतीय दंड संहितेत होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १७१व्या कलमात आहेत. १९५१ साली हे लिहिणाऱ्यांसमोर सारा देश होता, पण वाचताना आपल्याच गावकीचं वर्णन वाचतोय असं वाटतं. ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून घेतलेली शपथ, गुरवाने घातलेलं गाऱ्हाणं, पालखी दारात न आणण्याची गर्भित सूचना. यातलं काहीच उघड धमकीसारखं दिसत नाही, आणि म्हणून ते जास्त चालतं. पाकीट घेऊन नारळावर हात ठेवलेल्या माणसाला वाटतं, आता मोडलं तर देव बघतोय. देव बघत असेल तर त्याने पाकीट देणाऱ्यालाही बघितलं आहे. आणि न्याय संहितेच्या हिशोबाने लाच घेणाराही सुटत नाही, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

देव बाजूला ठेवू. माणसांचं भय जास्त ठोस असतं. रायगड आणि रत्नागिरीत वाळीत टाकण्याची इतकी प्रकरणं पुढे आली की महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायदा झाला म्हणून वाळीत टाकणं संपलं नाही, ते जरा सभ्य झालं. आता कुणी ‘तुला वाळीत टाकलं’ असं म्हणत नाही. लग्नाचं आमंत्रण येत नाही, कुणाच्या मयताला खांदा द्यायला चार माणसं जमत नाहीत, गणपतीत भजनाची बारी तुमच्या घराला वगळून पुढे जाते. निवडणुकीत ‘फुटलेल्या’ घराला हेच सोसावं लागतं, आणि ते सोसायला लागू नये म्हणून तीनशे मतांच्या केंद्रात दोनशे नव्वद मतं एकीकडे पडतात. मग आपण त्याला एकी म्हणतो.

या एकीची बाजूही नीट मांडली पाहिजे. डोंगरउतारावरच्या पंचवीस घरांच्या वाडीला एकट्यादुकट्या मतावर कोण विचारतं? पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव हवा, पायऱ्यांची पाखाडी हवी, मार्चनंतर आटणाऱ्या विहिरीऐवजी नळाचं पाणी हवं, तर पंचवीस घरांची शंभर मतं एका मुठीत धरूनच सौदा करावा लागतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. कामं अशीच झालेली आहेत, हे मी नाकारत नाही. पण सौदा कोण करतो आणि मिळालेलं कुणाच्या दारापर्यंत जातं, हे विचारल्यावर गोष्ट बदलते. पाखाडी मानकऱ्याच्या अंगणापर्यंत येते आणि पुढची बौद्धवाडी पुढच्या निवडणुकीची वाट बघते. बैठकीत बायका नसतात, असल्या तर मागे बसतात. सुनेचं मत सासऱ्याने आधीच मोजलेलं असतं. एकत्र मिळून मागणी करणं वेगळं आणि दुसऱ्याचं मत आपल्या मुठीत धरणं वेगळं. पहिल्याला कायद्याची हरकत नाही.

कोकणाला हा फरक नवा नाही. खोत आणि कूळ या नात्यात कुळाला स्वतःचं असं काही नव्हतं, जमीनही आणि शब्दही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, १९१९ साली ब्रिटिश सरकारच्या साउथबरो समितीपुढे मताधिकाराचा मुद्दा मांडला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. मला त्या एकच वाटतात. ज्याची कसण्याची जमीन दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याचं मत त्याचं कसं असेल? खोती १९४९ च्या कायद्याने गेली. मर्जी किती गेली, ते प्रत्येकाने आपापल्या वाडीत पाहावं.

मतदानावरच्या बहिष्काराचंही तसंच. रस्ता नाही म्हणून अख्ख्या गावाने मतदानावर बहिष्कार टाकल्याच्या बातम्या दर निवडणुकीला येतात आणि त्यांचं कौतुक होतं. मत देणं किंवा न देणं या दोन्हींचा ‘मतदानाच्या हक्कात’ समावेश आहे. १९५१ च्या कायद्याचं ७९वं कलम हे स्पष्ट सांगतं. म्हणजे ज्याला घरी बसायचं आहे त्याने खुशाल बसावं. पण शाळेच्या वाटेवर चारजण उभे राहून जाणाऱ्या म्हातारीला माघारी फिरवू लागले, तर ते आंदोलन राहत नाही, तिच्या हक्कावरचं आक्रमण होतं. निषेध नोंदवायचा असेल तर ‘नोटा’ आहे. ती सोय का आली हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याआधी कुणालाच मत न देणाऱ्याला १९६१च्या निवडणूक नियमांतल्या ४९-ओ खाली मतदान नोंदवहीत तसा शेरा लिहून घ्यावा लागे आणि खोलीतल्या सगळ्यांना ते कळे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी सांगितलं की ज्याला कुणीच नको आहे त्यालाही गुप्ततेचा तेवढाच हक्क आहे, आणि यंत्रावर ते बटण आलं.

गुप्तता हा सगळ्या हक्कांचा कणा आहे. १९५१ च्या कायद्याचं ९४वं कलम म्हणतं की कुणालाही आपण कुणाला मत दिलं हे सांगायला भाग पाडता येणार नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातसुद्धा नाही. मग बुथबाहेर टेबल टाकून बसलेल्याने ‘काय, दाबलंस ना?’ म्हणून डोळा मारला तर त्याला उत्तर देणं लागतच नाही.

आता चाकरमान्यांकडे. यावर बोललं की वाद होतो, तरी बोलतो. मतदार यादीत नाव असायला १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावं लागतं. त्याच कायद्याचं २०वं कलम सांगतं की गावात घर आहे एवढ्यावरून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास जातही नाही. सगळी अडचण या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. आठ महिने गुजरातच्या बोटीवर असलेला खलाशी तात्पुरता बाहेर आहे. बारा वर्षं विरारला राहून गणपतीला आणि मे महिन्यात येणारा? प्रामाणिक उत्तर बहुतेकांना माहीत असतं. भावना समजते, घराला कुलूप आहे म्हणून गाव परकं होत नाही. पण सरपंच कोण हवा हे विरारहून ठरवायचं आणि जूनमध्ये पाण्याचा टँकर आला की नाही हे वाडीत राहिलेल्या सत्तर वर्षांच्या काकूने बघायचं, हा न्याय मला पटत नाही.

दोन ठिकाणी नाव असणं तर सरळ बेकायदेशीर आहे. २०२४च्या लोकसभेला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी मतदान झालं, मुंबई-ठाण्यात २० मे रोजी. मधले तेरा दिवस मोहाचे होते. नखावरची शाई काही आठवडे टिकते, आणि नियमच असा आहे की डाव्या तर्जनीवर आधीची खूण असलेल्याला, किंवा बोट तपासू न देणाऱ्याला, मत देता येत नाही. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले आणि अशा मतदाराने कुठे मत देणार ते सांगावं, अशी पद्धत आणली. उपाय बरा, पण उशिराचा. मात्र उलट बाजूही आहे. ‘हा इथे राहत नाही’ असा अर्ज देऊन विरोधी घरांची नावं कापायचा धंदाही गावागावांत चालतो. ज्याचं नाव कापायचं त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय ते कापता येत नाही. नोटीस आली नसेल तर तक्रार करा, आणि निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता यादी बघा. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीचं दार बंद होतं.

गाड्यांचा विषय थोडक्यात. उमेदवाराने मतदारांची केंद्रापर्यंत फुकट ने-आण करणं हे त्याच १२३व्या कलमाखाली भ्रष्ट आचरण आहे. कायद्यात वाहनाबरोबर जलयानाचाही उल्लेख आहे, तेव्हा खाडीपलीकडच्यांनी तरीतून आणलं म्हणून सुटका नाही. मुंबईत नोकरी आणि गावात मत असलेल्याला मतदानादिवशी भरपगारी सुट्टी मिळायला हवी, हे कलम १३५-ब. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी कापता येत नाही. आंबा काढणीच्या ऐन मोसमात हे बागायतदाराला सांगून बघा. न देणाऱ्याला दंड पाचशे रुपयांपर्यंत. मोसमातली बरी हापूसची पेटीसुद्धा त्यात येत नाही.

प्रत्यक्ष खोलीत काय होतं ते जास्त महत्त्वाचं, कारण तिथे समोर सगळे ओळखीचे असतात. उमेदवाराचा प्रतिनिधी बहुधा भावकीतलाच. ‘ही इथली नव्हे, मुंबईला असते,’ असं तो ओरडला म्हणून केंद्राध्यक्षाने घाबरायचं कारण नाही. यादीत नाव आहे म्हणजे मत देण्याचा हक्क आहे. रहिवासाचा वाद त्या खोलीत काढता येत नाही. आक्षेप घेता येतो तो ओळखीवर, म्हणजे ‘ही ती बाई नव्हेच’ असा. त्यासाठी आक्षेप घेणाऱ्याने दोन रुपये रोख भरावे लागतात आणि पुरावा आधी त्याने द्यायचा असतो. दोन रुपयांच्या त्या पावतीने भलेभले गप्प होतात असं म्हणतात. ओळखीसाठी मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक यांपैकी काहीही चालतं. घरोघर वाटलेली मतदार चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा नाही. आखातात नोकरी करणाऱ्या आणि अनिवासी मतदार म्हणून नोंद झालेल्या माणसाला स्वतः येऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच मत देता येतं.

आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर? वाडीतल्या गैरहजर नावांचं असं होतं, सगळ्यांना माहीत आहे. पुष्कळजण ‘गेलं आता’ म्हणून परततात. परतू नका. नियम ४९-पी प्रमाणे केंद्राध्यक्षाच्या प्रश्नांना उत्तरं देऊन ओळख पटवली की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, तिला प्रदत्त मत म्हणतात. ती पाकिटात बंद राहते, मोजणीच्या दिवशी मोजली जात नाही. मग उपयोग काय? नोंद. त्या केंद्रावर तोतया मतदान झालं याचा सरकारी कागद तयार होतो, आणि निकाल चुरशीचा लागला तर तो कागद बोलतो. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली एका मताने निकाल लागला तेव्हा प्रदत्त मतांवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

वृद्ध आणि दृष्टिहीनांसोबत सोबती नेता येतो, हा हक्क आपल्याकडे सर्वात जास्त वाकवला जातो. सोबती अठरा वर्षांवरचा हवा, त्या दिवशी एकाहून जास्त मतदारांचा तो सोबती होऊ शकत नाही, आणि मत गुप्त ठेवीन असं त्याला लिहून द्यावं लागतं. एकच उत्साही तरुण सकाळपासून सात आज्यांना ‘मदत’ करत असेल तर केंद्राध्यक्ष झोपलाय किंवा घाबरलाय. आजीला वाचता येत नाही हे कारणही पुरत नाही. चिन्ह दिसत नसेल, बटण दाबता येत नसेल, तरच. यंत्रावर चिन्हं छापली आहेत ती आजीसाठीच ना!

हे सगळं पाळलं, पडद्यामागे आजी एकटी गेली, तरी एक भोक उरतं आणि ते मोजणीच्या दिवशी उघडं पडतं. निकाल केंद्रनिहाय लागतो आणि कोणत्या केंद्रावर कुणाला किती, हा तक्ता जाहीर होतो. मुंबईत हजारभर मतांच्या केंद्रात माणूस हरवतो. कोकणात वाड्या विखुरलेल्या, केंद्रं लहान. तीनशे मतांच्या केंद्रात विरोधी अकरा मतं पडली तर ती कोणत्या अकरा जणांची हे रात्रीपर्यंत कट्ट्यावर निश्चित झालेलं असतं. कधी चुकीचंही, पण शिक्षा होतेच. याचं टोक बघायचं तर गुजरातमधल्या गीरच्या जंगलातलं बाणेज : तिथे एकाच मतदारासाठी केंद्र मांडलं जातं. देशभर त्याचं कौतुक होतं, लोकशाही एका माणसापर्यंत पोहोचली म्हणून. त्या माणसाच्या गुप्त मताचं काय, हे कुणी विचारत नाही.

यावर उपाय माहीत आहे. टोटलायझर नावाचं यंत्र चौदा मतदान केंद्रांची मतं एकत्र मोजू शकतं. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ते सुचवलं, विधी आयोगाने २०१५च्या २५५व्या अहवालात पाठिंबा दिला. कागदी मतपत्रिकांच्या काळात तर निरनिराळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मिसळून मग मोजायची सोय नियमातच होती. केंद्र सरकारने टोटलायझर नाकारला. केंद्रनिहाय आकडे कळले तर उमेदवारांना आणि पक्षांना कुठे जास्त काम करायला हवं ते समजतं, असा त्यामागचा विचार. कोकणात याचा अर्थ नेमका उलटा होतो : कुठे काम करायचं नाही, ते समजतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. केंद्रनिहाय आकडे लपवले तर घोटाळा कसा पकडणार? पण प्रत्येक केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली हे नमुना १७-क मध्ये लिहून मतदानादिवशीच प्रतिनिधींना दिलं जातं. ते तसंच राहू दे. चौदा केंद्रांची बेरीज त्याच्याशी ताडून बघता येते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात, त्या पाच वाड्यांचे आकडे मात्र उघडे राहतील, ते टळणार नाही. चिठ्ठीने निवडलेल्या पाच वाड्या उघड्या पडणं आणि सगळ्याच उघड्या असणं यात फरक आहे. आणि त्यासाठी घटना बदलायची गरज नाही. १९६१च्या निवडणूक नियमांत बदल पुरतो. ही मागणी मुंबई-पुण्याकडून येणार नाही, तिथल्या मतदाराला हे दुखणंच नाही. ती देवगड, राजापूर, गुहागर, श्रीवर्धन इथून यायला हवी.

ग्रामपंचायतीला हा उपाय लागू पडणार नाही, हेही सांगून टाकतो. तिथे प्रभागच दोन वाड्यांचा, बेरीज कशाची करणार? तिथे लोकप्रतिनिधित्व कायदाही नाही. न्याय संहितेतलं दडपणाचं कलम आणि २०१६ चा बहिष्कारविरोधी कायदा हाताशी उरतात. दोन्हींसाठी कुणीतरी पोलीस पाटलाच्या दारावरून पुढे तालुक्याच्या ठाण्यात जाऊन नावानिशी तक्रार द्यावी लागते, आणि तक्रार देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं.